झाकण उघडता आलं पाहिजे

गेल्या शनिवारी पहाटे साडेपाचला उठलो. ऑफिसच्या कामासाठी आयुष्यात कधी इतक्या लवकर उठलो नसेन. रात्रभर बर्फ पडून ड्राइव्हवे पार दिसेनासा झाला होता आणि गराजमध्ये माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला एक पिवळा-पांढरा ट्रॅक्टर उभा होता. चोक ओढला, किल्ली फिरवली. दोन-तीन आचके, एक शिंक, आणि मग ते ओळखीचं धड्-धड्-धड् सुरू झालं. बायको वरची खिडकी उघडून काहीतरी म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. बरंच झालं. :)

तर आजचा विषय हा ट्रॅक्टर, आणि त्याच्या निमित्ताने माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल मनात बरेच दिवस साचलेलं थोडंसं.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुण्यातल्या मित्रांना ते गवत कापायचं खेळणं वाटतं. गवत कापायची बसून चालवायची गाडी वेगळी. ती पत्र्याची, हलकी असते. गार्डन ट्रॅक्टर हा खऱ्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ. लोखंडी बिडाचा गिअरबॉक्स, मागे नांगर जोडता येतो, पुढे बर्फ ढकलायचं पातं लागतं. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकात शहराबाहेर एक-दोन एकरांची घरं घेऊन राहणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांना बाग होती, भाजीचा तुकडा होता, लांबलचक ड्राइव्हवे होता, पण मोठा ट्रॅक्टर परवडावा एवढी शेती नव्हती. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६० मध्ये 'कब कॅडेट' काढला. नावातला 'कब' त्यांच्या फार्मॉल कब या छोट्या शेती-ट्रॅक्टरकडून आला, आणि गिअरबॉक्सही त्याच घराण्यातला. १९६३ मध्ये जॉन डिअरने आपलं ११० मॉडेल आणलं.

मी राहतो ते मिलवॉकीजवळ. विस्कॉन्सिन राज्य म्हणजे या यंत्रांचं माहेरच. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन मिलवॉकीची. बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी अर्ध्या तासावरच्या पोर्ट वॉशिंग्टनच्या. जॉन डिअरचे गार्डन ट्रॅक्टर तासाभरावरच्या होरिकॉनचे. माझा कब कॅडेट केंटकीमधल्या लुईव्हिलला जन्मला, पण त्याचं इंजिन कोहलरचं, म्हणजे तेही इथूनच तासाभराच्या अंतरावरचं. नळ आणि बेसिन बनवणारी तीच कोहलर. इथे जुन्या गार्डन ट्रॅक्टरबद्दल बोलणं म्हणजे कोल्हापुरात तालमीबद्दल बोलण्यासारखं आहे. प्रत्येकाचे काका, आजोबा, कोणीतरी त्यात असतंच.

माझ्याकडे हे धूड आलं ते शेजारच्या आजोबांकडून. म्हणजे आजोबा गेल्यावर, आजींकडून. त्यांच्या शेडमध्ये तो अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होता. मॉडेल १२२, १९६५ ते ६७ च्या दरम्यानचं, १२ हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, तीन गिअर पुढे आणि एक मागे. आजी म्हणाल्या, भंगारवाल्याला बोलवणार होते, तुला हवा तर ने. दोनशे डॉलर द्यायला गेलो तर शंभरच घेतले आणि वर एक बिस्किटाचा डबा दिला. डब्यात सुटे स्क्रू, वॉशर, आणि तेलाच्या बोटांनी काळं झालेलं मॅन्युअल.

इंजिन जाम होतं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्यांनी विहिरीवर ऑइल इंजिनं चालवली आहेत, त्यांना 'जाम' या शब्दाचं वजन माहीत असेल. आमच्या अण्णांनी वाळवा तालुक्यात विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवलं, मोटर येईपर्यंत. फोनवर त्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "प्लग काढून आत काय सोडलंस का?" म्हटलं, नाही. "मग रॉकेल न् ऑइल सोड आणि आठ दिवस गप बस. हिसका देऊ नको. हिसका दिलास की रिंगा गेल्या." आठ दिवस गप बसणं हा माझ्या पेशाचा गुण नाही, तरी बसलो. नवव्या दिवशी पाना लावून हलकं वजन टाकलं आणि पिस्टन केसभर सरकला. गराजमध्ये एकट्याने ओरडलो.

मग चालू होईना. पेट्रोल, हवा, ठिणगी आणि दाब, एवढ्या चार गोष्टींवर ही इंजिनं चालतात. पाचवी गोष्ट नाही. दोन वीकेंड मी कार्बोरेटर उघडून जेट साफ करत बसलो, कारण इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुने कार्बोरेटर खराब करतं, असं वाचलं होतं. अण्णा तिसऱ्या आठवड्यात वैतागले. "अरे, पॉइंट बघितलास काय?"

पॉइंट! बजाजची स्कूटर ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, सीबी पॉइंट. दोन छोटे धातूचे ठिपके. उघडतात, मिटतात, उघडले की ठिणगी पडते. कोहलरच्या या इंजिनात ते बाहेरच्या बाजूलाच एका टोपणाखाली असतात. एक स्क्रू काढला की हातात. अकरा वर्षांच्या दमट हवेने त्यांच्यावर साय धरली होती. पॉलिश पेपरने घासले, फीलर गेज लावून अंतर वीस थाऊ केलं (म्हणजे इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलिमीटर). मग टायमिंग. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. फ्लायव्हीलवर 'एस' अक्षर कोरलंय आणि समोर एक भोक आहे. हाताने इंजिन फिरवायचं, 'एस' भोकाच्या मध्यभागी आला की त्याच क्षणी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. साधा बल्ब किंवा मीटर लावला की कळतं. जुळलं. किल्ली फिरवली, आणि चालू झालं.

त्या दिवशी संध्याकाळी मॅन्युअल पुन्हा चाळत होतो तेव्हा एक गोष्ट खटकली. खटकली म्हणजे चांगल्या अर्थाने. हे पुस्तक लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की वाचणारा माणूस झाकण उघडणार आहे. तो शेतकरी असेल, शिक्षक असेल, पण त्याच्याकडे पाना असेल आणि थोडी अक्कल असेल. फ्लायव्हीलवरचं ते 'एस' कारखान्यातल्या कामगारापुरतं नाही. त्यासाठी भोक पाडून ठेवलंय, मालकाला दिसावं म्हणून. तेवढं भोक पाडायला कंपनीला पैसे पडलेच असतील की.

आता इथे नेहमीचं वाक्य येईल असं तुम्हाला वाटत असेल, "पूर्वीच्या वस्तूंची सर आताच्या वस्तूंना नाही." मला तसं अजिबात म्हणायचं नाही. आपल्याला टिकलेली यंत्रं तेवढी दिसतात, भंगारात गेलेली दिसत नाहीत. आणि टिकलेल्यांतही खोटी आहेत. या इंजिनात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालची पळी तेलात बुडून ते उडवते, तेवढंच वंगण. तेल कमी झालं आणि लक्षात आलं नाही, तर रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येऊ शकतो. धुराचं तर बोलूच नका. अमेरिकेत छोट्या इंजिनांना देशपातळीवरचे धुराचे नियमच मुळी १९९७ पासून लागले, माझं इंजिन त्याच्या तीस वर्षं आधीचं. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशोब असा, की व्यावसायिक पेट्रोल मोवर तासभर चालवला तर जेवढं धुरकं तयार करणारं प्रदूषण होतं, तेवढं नवी कार सुमारे तीनशे मैल चालवून होतं. २०२४ पासून त्यांनी बागकामाच्या बहुतेक नव्या यंत्रांत पेट्रोल इंजिनाला मनाई केली, त्यात मला काही चूक वाटत नाही. म्हणून मीही दर आठवड्याचं गवत बॅटरीच्या मोवरने कापतो. हा ट्रॅक्टर फक्त बर्फ ढकलायला आणि वसंतात भाजीचा तुकडा नांगरायला. वर्षाचे वीस-पंचवीस तास, बस्स.

तेव्हा जुनं ते सोनं वगैरे काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की या यंत्राने मला आत येऊ दिलं. आणि आपण आता जी यंत्रं बनवतो ती आत येऊ देत नाहीत. 'आपण' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

मी ज्या कंपनीत काम करतो (नाव सांगत नाही, नोकरी हवी आहे) तिथे दूध थंड करणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनतात. त्यात तापमान मोजणारा एक सेन्सर असतो. चार वर्षांपूर्वी वरून मागणी आली, की कंट्रोलरने फक्त त्याच्याशी नोंदलेलाच सेन्सर स्वीकारावा. प्रत्येक सेन्सरचा नंबर असतो, तो तपासायचा, जुळला नाही तर कूलिंग सुरू करायचं नाही. कारण सांगितलं गेलं, अन्नसुरक्षा. तो कोड मी लिहिला. सोळा ओळी. रिव्ह्यूमध्ये एकही शेरा आला नाही, याचं मला कौतुकही वाटलं होतं.

गेल्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी एका शेतकऱ्याचा सेन्सर गेला. त्याच्याकडे दुसरी, जुनी, बंद टाकी होती. आमचीच. त्याने तिचा सेन्सर काढून इकडे लावला. म्हणजे भाग अस्सल, कंपनी तीच, मॉडेल तेच. फक्त नोंदणी दुसऱ्या कंट्रोलरशी. माझ्या सोळा ओळींनी आपलं काम चोख बजावलं. पडद्यावर आलं, 'अनधिकृत भाग', आणि कॉम्प्रेसर सुरू झाला नाही. नोंदणी बदलायचं सॉफ्टवेअर आमच्या तंत्रज्ञाकडे, आणि तंत्रज्ञ येणार सोमवारी. गायींना सोमवार कळत नाही. दूध वेळेत थंड झालं नाही तर डेअरी घेत नाही, ओतून द्यावं लागतं. त्याने ओतलं.

ही तक्रार मंगळवारी माझ्याकडे आली. मी लॉग बघितला, कोड बघितला, दोन्ही बरोबर होते. तिकिटावर लिहिलं, 'रचनेनुसार काम करत आहे', आणि बंद केलं.

त्याच शनिवारी, ज्या वेळी तो माणूस दूध ओतत असेल साधारण त्याच वेळी, मी गराजमध्ये बसून साठ वर्षांपूर्वीच्या कोणा अनोळखी इंजिनिअरने माझ्यासाठी पाडून ठेवलेल्या भोकातून 'एस' शोधत होतो आणि त्याला मनातल्या मनात दुवा देत होतो. हे दोन्ही शनिवार एकच होते, हे तारीख बघितल्यावर कळलं. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आता कुलूप लावणाऱ्यांची बाजूही मांडतो, कारण मी त्याच बाकावर बसतो. सगळ्यात मोठा मुद्दा सुरक्षेचा, आणि तो खोटा नाही. माझ्या ट्रॅक्टरवरून माणूस पडला तरी इंजिन चालूच राहायचं. खाली फिरतं पातं असेल तर काय होईल याची कल्पना करवत नाही. म्हणून मी सीटखाली एक स्विच बसवला. माणूस उठला की कॉइलची वीज तुटते, इंजिन बंद. नव्या यंत्रांत हे कारखान्यातूनच येतं, आणि फार चांगली गोष्ट आहे. पण फरक बघा. तो स्विच 'तू कोण' असं विचारत नाही, 'तू सीटवर आहेस का' एवढंच विचारतो. तो बिघडला तर दिसतो, काढता येतो, तसलाच दुसरा दुकानातून आणून लावता येतो. माझ्या सोळा ओळी तापमान बरोबर आहे का हे विचारतच नव्हत्या. त्या विचारत होत्या, भाग कोणाच्या परवानगीने लावलास. पहिलं सुरक्षेचं कुलूप. दुसरं तिजोरीचं, आणि त्यावर पाटी मात्र सुरक्षेची.

दुसरा मुद्दा, लोक उघडतात आणि बिघडवतात. बिघडवतात, कबूल. मीच बिघडवलं होतं. या ट्रॅक्टरात स्टार्टर आणि जनरेटर हे एकच यंत्र आहे, पट्ट्यावर चालणारं. सुरू करताना मोटर, नंतर जनरेटर. बॅटरी काढून परत लावली की रेग्युलेटरच्या दोन टोकांना क्षणभर वायर टेकवून जनरेटरला त्याची दिशा आठवून द्यावी लागते. मॅन्युअलात लिहिलं होतं, मी पान उलटून पुढे गेलो. पहिल्याच बर्फात ड्राइव्हवेच्या मधोमध बॅटरी झोपली आणि मी फावडं घेऊन उरलेला बर्फ हाताने काढला. पण ती चूक माझी होती, शिक्षा मला झाली, आणि उत्तर चौतिसाव्या पानावर होतं. त्या शेतकऱ्याने चूक काहीच केली नव्हती, आणि उत्तर त्याच्या हातात नव्हतं.

हा वाद काही मी शोधून काढलेला नाही. अमेरिकेत शेतकरी बरीच वर्षं तो लढताहेत. २०१५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॉपीराइट कायद्यात सवलत दिली, की ट्रॅक्टरसकट आपल्या वाहनाच्या दुरुस्तीसाठी मालक त्यातलं सॉफ्टवेअरचं कुलूप ओलांडू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअरने शेतकऱ्यांच्या फार्म ब्यूरो संघटनेबरोबर दुरुस्तीबाबत सामंजस्य करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेती-यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आणि जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांना बरोबर घेऊन जॉन डिअरवर दुरुस्तीच्याच मुद्द्यावरून दावा दाखल केला. कायदे होताहेत, चांगलं आहे. पण कायदा येईपर्यंत कोड लिहिणारे आपणच असतो, आणि त्यात आपली माणसं थोडीथोडकी नाहीत. पुणे, बंगळुरू, इकडे मिलवॉकी. आपल्याला सवयच अशी लागली आहे, की मागणीपत्रात आहे ना, मग लिहून टाका.

मी मार्क्सवादी वगैरे नाही. कंपनीने पैसे कमवावेत, माझा पगार त्यातूनच येतो. पण तीन गोष्टी आपण प्रत्येक डिझाइनच्या वेळी मागू शकतो, असं मला वाटतं. एक, भाग अनोळखी असला तर इशारा द्या, नोंद करा, पण यंत्र थांबवू नका, जोवर खरा धोका मोजून दिसत नाही. दोन, बिघाडाचे आकडे मालकाच्या पुस्तकात साध्या शब्दांत छापा, फक्त तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर ठेवू नका. तीन, नोंदणी बदलायचं साधन मालकाला द्या. यातलं एकही महाग नाही. फ्लायव्हीलसमोर भोक पाडण्यापेक्षा तर नक्कीच स्वस्त.

हे मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मांडलं. आधी ते तिकीट स्वतः पुन्हा उघडलं, मग मांडलं. एवढं वाचून तुम्हाला वाटेल की आता टाळ्या पडल्या असतील. तसं काही झालं नाही. दुसरी मागणी मान्य झाली, पुढच्या आवृत्तीत आकडे पुस्तकात येतील. तिसरी 'विचाराधीन' आहे, म्हणजे काय ते तुम्हीही नोकरी करत असाल तर कळलं असेलच. पहिली फेटाळली. सोळा ओळी अजून तिथेच आहेत, वर माझं नाव आहे. पुढच्या तिमाहीत पुन्हा मांडणार. अण्णांच्या भाषेत, हिसका द्यायचा नाही, वजन मात्र काढायचं नाही.

शनिवारी माझा ड्राइव्हवे झाल्यावर ट्रॅक्टर आजींच्या दारात नेला आणि त्यांचाही साफ केला. त्या स्वेटर घालून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी आवाज थोडा वेगळा यायचा." मी घरी येऊन टोपण काढलं आणि फीलर गेज लावला. सतरा थाऊ. वीस असायला हवं होतं. स्क्रू सैल करून पुन्हा बसवलं, पाच मिनिटं लागली.

असो. बाहेर पुन्हा भुरभुरायला लागलंय.